राउटरची जागा

नवा राउटर बसवायला आलेला माणूस घरभर रेंज तपासत फिरला आणि बाबांच्या खोलीतून ओरडला, “साहेब, इथं तर काहीच येत नाही! जुना ठेवला होता कुठं?”

माझ्या खोलीत, टेबलावर, लोखंडी कपाटाला टेकून. नवा किती अँटेनांचा घ्यावा यावर मी आठ दिवस डोकं शिणवलं. पण रेंज कुणाच्या वाट्याला येते, हे तीन वर्षांत मनात येऊ दिलं नाही. आत्याशी व्हिडिओवर बोलायला बाबा दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर येऊन बसत. ऐंशीचा माणूस, चपलांवर! कुणी विचारलं की मी हसून सांगायचो, “त्यांना दारात बसायला आवडतं.” त्यांना म्हणायचो, “तुमचा फोनच जुना झालाय.” मला सगळं ठाऊक होतं. संताप येतो तो याचा, की खोटं बोलताना जीभ एकदाही अडखळली नाही. घरातल्या माणसाची किंमत आपण अशी मुकाट्याने ठरवतो, वस्तू मांडता मांडता.

राउटर पॅसेजमध्ये लावून घेतला. बाबांना म्हटलं, “आता पलंगावर बसून बोला.”

ते पलंगाच्या कडेला टेकले. “बोलतो. पण तुझ्या कामाला कमी पडणार नाही ना रे?”