नमिताची तर्जनी

मुलुंडमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला घरोघरी फिरणारी माझी शेजारीण नमिता शीर डोळ्यांनी शोधत नाही. डावी तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, "सापडली." शीर बोटाखाली उसळी मारते म्हणे. म्हणूनच तिच्या जुन्या पेशंट विमलाआजी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तिचा भाचा कृणाल नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची वाकड्या हँडलची रेसिंग सायकल हिच्या पदरात पडली. दोन महिने बाई तिच्यावर ओणवी होऊन फिरली. मग एका सकाळी विमलाआजींच्या हातावर बोट ठेवलं, तर काहीच कळेना. "आज शीर लपलीय," असं सांगून ती परत आली आणि माझ्या स्वयंपाकघरात मटकन बसली.

"हेमांगी, मला लकवा होतोय गं. बाबांचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं."

मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जा. पण ह्या शहाणीनं डॉक्टरकडे जायचं सोडून स्वतःचंच रक्त काढलं! साखर, बी-ट्वेल्व्ह, सगळं नॉर्मल. मग तर ती आणखीच हादरली. येताजाता बोटाला सुई टोचून बघायची. मला ते बघवेना. शेवटी मीच तिला ओढत नेलं.

डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं. "सायकल चालवता? नस दबलीय. आधी हँडल बदला. फरक नाही पडला तर पुढचं बघू." हिनं त्यातलं 'पुढचं' तेवढं ऐकलं.

सायकलवाल्या विशालनं दोन हँडलं काढली. नमितानं सरळ, झकास दिसणारं उचललं.

"ठेवा ते. डोळे मिटा ताई, हात पुढे करा. मनगटं आपोआप कुठे वळतायत बघा."

मनगटं आत, एकमेकांकडे वळली होती. सरळ हँडल बाद. मग उरलं ते मागे वळलेलं, दूधवाल्याच्या सायकलला असतं तसलं.

"ब्रेकपण बदलावे लागतील ह्याला."

"बदल. दुधाचे कॅनपण लटकव हवं तर," नमिता म्हणाली. हसली मात्र नाही.

पुढचा महिनाभर विमलाआजींकडे जायचं ती टाळत राहिली. परवा गेली ती मला सोबत घेऊन. बोट ठेवलं, डोळे मिटले. बोट जरा सरकवलं, पुन्हा टेकवलं.

"बोट थरथरतंय गं तुझं," आजी म्हणाल्या.

नमितानं डोळे उघडले. भरून आले होते.

"हो आजी. मला कळतंय ते. तुमची शीरपण."