जोर राखून चालणारे

पत्नी गेल्यानंतर महिनाभर मी शाळेत शिकवायला गेलो नाही. सकाळी पारनेरजवळच्या आमच्या ओढ्यावर जाऊन बसायचो. तिथे खेकडे धरणारी एक बाई रोज दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

ती खेकड्यामागे धावत नसे. साडी वर खोचून पाण्यात उभी राही आणि खेकडा जवळ आला की मागून पाठ धरून अलगद उचली. पोटाशी पिल्लं दिसली, तर पुन्हा पाण्यात सोडी.

एकदा ओल्या वाळूवर एक खेकडा दोन पावलं चालून थांबत होता. मी म्हणालो, "थकलाय बिचारा."

ती हसली. "गुर्जी, पुस्तकात असंच लिवलंय व्हय?" तिने नुसता हात वर केला. सावली पडताच तो असा तिरका सुटला, की कपारीत कधी शिरला ते मला दिसलंच नाही.

"लई पळतंय ते. पन रोज कशाला पळंल? जोर राखून चालतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोक म्हनत्यात, गुर्जी खचले. मी म्हनते, सावकाश चालत्यात."

माझं बळ संपलं, असंच मी तोवर धरून चाललो होतो.

सोमवारी मी शाळेला निघालो. पुलावर पोचलो तेव्हा खालून हाक आली, "गुर्जी, तिरकं चालू नगा, वढ्यात पडाल!"

महिन्याभरात पहिल्यांदा मला हसू आलं. त्या दिवशी शाळेत पोचायला उशीर झाला, पण पोचलो.