रिठ्याचा फेस

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाई नायट्याच्या बुरशीवर रिठ्याचा फेस घालून बघत असत. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचो. काचेच्या बशीतली बुरशी वाढायची थांबली, की त्या मला हाक मारून दाखवत. आनंद डोळ्यांत मावत नसे, पण म्हणत, "एवढ्यावर नाचायचं नाही हां, सर."

थळहून मासळी विकायला येणाऱ्या मावशींच्या पायांची बोटं सतत ओली राहून बुरशीने चिरली होती. कुठलंसं मलम लावून ती आणखी चिघळली. बाईंच्या फेसाबद्दल कुठूनसं ऐकून एकदा मावशी थेट प्रयोगशाळेत आल्या. "बाय, तुजा फेस थोरा माना दे ना."

बाईंचा हात बाटलीकडे गेला आणि मागे आला. "मावशी, हे बशीत चालतं. तुमच्या चिरलेल्या कातडीचं काय करील, ते मला अजून माहीत नाही."

मावशी हिरमुसल्या. बाईंनी अंगातला कोट काढला, मावशींना स्कूटरवर बसवलं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

महिनाभराच्या औषधाने पाय बरे झाले. बाईंच्या फेसानेच गुण आला, असं मावशी बाजारभर सांगत सुटल्या. बाई मात्र भेटेल त्याला थांबवून सांगत, "डॉक्टरांच्या गोळ्यांनी, हो. फेसाचं मी अजून बघतेय."