बेडकातला साप आणि चहाची गाळणी

माझी लेक प्रयोगशाळेत बेडकांची जनुकं वाचते. रविवारी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून म्हणाली, "बाबा, या बेडकाच्या जनुकांत सापाचा एक तुकडा आहे."

"अरेरे! म्हणजे बेडकीण कुणाच्या नादी लागली?" मी छातीवर हात ठेवला.

"बाबा! रक्ताचं नातं नाही काही. एकाच रानात राहिले. एखाद्या जळवेनं इकडून तिकडे नेला असेल. साप केव्हाच गेला, तुकडा राहिला."

मी खुशीत चहा गाळला आणि गाळणी पातेल्याच्या काठावर तीनदा आपटली.

लेक बघतच राहिली. "हे आईचं."

खरंच की! या आवाजावर मी जन्मभर करवादलो. "अगं, गाळणी आहे, तबला नाही!" म्हटलं, की ती मुद्दाम चौथ्यांदा आपटायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. हल्ली तिचा आवाज आठवू जावं तर निसटतो. किती शोधला मी तो घरभर! आणि ती इथे, माझ्या मनगटात लपून बसलेली.

"बाबा, गाळणी आहे, तबला नाही," लेक हळूच म्हणाली.

मी मुद्दाम चौथ्यांदा आपटली.