रुमालाखालची दोन बोटं

मनोहरभाऊ गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. ते माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चांदूर बाजारजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत पाणी देता देता खाली बसले, ते उठलेच नाहीत. बायको रडू लागली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता मला उत्तर कोण देणार? लिहायला लाज वाटते, पण आला होता. दोन महिने मी त्यांच्यावर संशय धरून होतो. एका मशीनच्या खरेदीत त्यांनी दुकानदाराकडून दलाली खाल्ली, असा.

बार्शीटाकळीच्या रस्त्यावर आमचं तीन एकर शेत आहे. वादळात तिथला जुना कडुनिंब पडला. एक टोक विहिरीच्या कठड्यावर, दुसरं बांधावर, असा आडवा. मी टेप लावला. घेर सहासष्ट इंच, म्हणजे जाडी एकवीस. कापणारे तीन जण येऊन गेले. तिघांनी तीन मुदती सांगितल्या. एकावरही विश्वास बसला नाही, म्हणून चेनसॉ स्वतःच घ्यायची ठरवली. आठवडाभर सगळ्या मशीनांची माहिती वहीत उतरवली आणि निष्कर्ष काढला : इंजिन बहात्तर सीसी, पातं चोवीस इंच. त्याहून कमी चालणार नाही. मनोहरभाऊंनी अर्धं आयुष्य बैलबाजारात दलाली केलेली, अमरावतीच्या दुकानदारांशी ओळख. त्यांना सोबत घेतलं.

दुकानात त्यांनी माझी वही उघडूसुद्धा दिली नाही. बहात्तर सीसीची मशीन माझ्या हातात दिली. म्हणाले, "धरा कमरेपाशी, न् शंभरपर्यंत मोजा." साठावर माझे खांदे थरथरू लागले. "झालं? लाकूड तर अजून लागलंच नाई, टेपवाले." मला ते टेपवालेच म्हणत. मग अठ्ठावन्न सीसीची, अठरा इंची पात्याची मशीन निवडली. थंड असताना सुरू करायला लावली, तापवली, बंद केली, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला लावली. गरम इंजिन दोरीच्या पहिल्या झटक्याला उठतं की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं. मी म्हणालो, "एकवीस इंचाच्या लाकडाला अठराचं पातं?" ते हसले. "काहून? लाकडाले दोन बाजू नाई काय?"

गणित बरोबर होतं. मला खटकलं ते पुढचं. लगेच त्यांनी दुकानदाराला कोपऱ्यात नेलं, कानाशी काही बोलले, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला आणि बैलबाजारात गुपचूप भाव ठरवताना करतात तसे आत बोटं दाबू लागले. दुकानदारानं आधी मान हलवली, मग हसून होकार दिला. मशीनचा भाव तर पाटीवर लिहिलेला होता. मग हे काय चाललं होतं? परतीच्या वाटेवर विचारलं. म्हणाले, "रुमालाखालची गोष्ट रुमालाखालीच राहू द्या." आयुष्यभर मोजमाप उघड ठेवणाऱ्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं.

पुढच्या रविवारी दुकानाचा मिस्त्री शेतात हजर. "चालवून दाखवतो," म्हणाला. पैसे किती, तर काही नाही. फुकट कोण येतं? मशीनमधला एखादा भाग बदलून न्यायला आला असेल, असं वाटून मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आला, पुन्हा पाठवला. मग एकटाच कापायला बसलो. खोडात निम्म्यावर गेलो आणि पातं असं आवळलं गेलं की मशीन आत आणि मी बाहेर. इंजिनात ताकदच नव्हती, ही माझी खात्री झाली.

त्याच आठवड्यात चांदूर बाजारला मनोहरभाऊंच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पंगतीत, चाळीस-पन्नास माणसांत, मी विचारलं, "मनोहरभाऊ, त्या दुकानदारानं किती बोटं दिली तुम्हाला?" त्यांनी वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"मशीन अडकली काय?"

"अडकली."

"मिस्त्री आला नाई?"

"आला होता. दोनदा हाकलला."

ते मग "बरं" म्हणाले आणि पुढच्या पानावर वाढायला गेले. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेरवीनंतर मी अमरावतीला गेलो. खोटं कशाला सांगू, पश्चात्तापानं नाही. मला आकडा हवा होता. दुकानदार म्हणाला, "दलाली? त्याईनं मिस्त्री मागतला जी, शिकवायले. मी एक बोट दाबलं, त्याईनं दोन. दोन रविवार. गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्याईनंच मागतला असता. न् म्हणे, आमच्या साडूले समजू देऊ नोका, शिकवाव लागते म्हटलं तर तो मशीनच घेनार नाई." तरी माझा विश्वास बसेना. मिस्त्रीला वेगळं गाठून विचारलं. त्यानंही तेच सांगितलं.

मिस्त्री तिसऱ्यांदा शेतात आला. खोडाकडे बघूनच म्हणाला, "दोन्ही टोकं टेकेल हायेत साहेब. वरून कापलं की मधात दबते, पात्याले धरते. वरून थोडं, मंग खालून." पाचर ठोकून त्यानं पातं सोडवलं, खालून कापलं. सहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारला गेलो. ओसरीवर अक्का, म्हणजे माझी मेहुणी, आणि भेटायला आलेले सात-आठ जण होते. आरोप चारचौघांत केला होता, म्हणून उभ्यानंच, सगळ्यांदेखत कबुली द्यायला सुरुवात केली. ओसरीच्या कडेला मनोहरभाऊंची बाज होती. गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, गर्दी असूनही माणसं खाली सतरंजीवर बसली होती. अक्कानं मला मध्येच थांबवलं. "उभ्यानं काहून सांगता? बसा तिथं."

मी बाजेकडे बघितलं. म्हणालो, "खाली बसतो."

"नाई, तिथंच," अक्का म्हणाली. "ते असते तर त्याईनं तुमाले तिथंच बसवलं असतं, न् मंग दिल्या असत्या शिव्या."

मी बसलो. बाजेच्या दोऱ्या मधोमध खोल गेल्या होत्या, ते बसायचे तिथं... तिथूनच सगळं पहिल्यापासून सांगितलं.