पनीरचं पाणी आणि टाकीची हवा

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळी दहा. रक्कम चार हजार तीनशे ऐंशी. हजर चौघे: आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून मी, आणि सांडपाण्याची टाकी सांभाळणाऱ्या बाई.

पिपरी मेघेतल्या आमच्या चाळीस घरांचं सांडपाणी एका टाकीत शुद्ध होऊन बागेला जातं. तीन महिन्यांत मिळून टाकीचं वीजबिल वरच्या रकमेने वाढलं होतं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रोज साडेअकराच्या सुमारास वेग घेतो आणि दोन तास उतरत नाही, हे टाकीवरच्या नोंदवह्यांवरून मीच काढलं होतं. बाई विनाकारण हवा वाढवतात, असं सगळ्यांचं मत पडलं. आठ दिवसांत कारण द्यावं, नाही तर काम सोडावं, तोवर पगार थांबवावा, असा ठराव झाला.

"मी बटणाले हातच लावत नाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "टाकीच मागते."

"टाकीले तोंड हाय का?" सचिव हसले.

"येऊन पाहा न मग."

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेलो. सहा वर्षं त्या जागेवरून नाकाला रुमाल लावून जात आलो होतो, आत कधी गेलो नव्हतो. भिंतीवरच्या यंत्राच्या पडद्यावर एकच आकडा होता: २.०. पाण्यात किती प्राणवायू विरघळला आहे, ते तो दाखवतो, असं बाईंनी सांगितलं. आकडा दोनच्या खाली आला की ब्लोअर आपोआप वाढतो, वर गेला की उतरतो.

"पण खाली येतो काऊन?"

"पाण्यात जीव हायेत न. डोळ्याले दिसत नाईत. ते घाण खातात. जास्त खाल्लं का श्वासही जास्त लागतो. पंगतीत दाबून जेवल्यावर तुमाले लागते तसा."

अकरा पंचवीसला आकडा हलला. १.८. १.४. मी वहीत लिहीत होतो, पण लिहीपर्यंत तो १.१ झालेला असायचा. ब्लोअरचा आवाज चढत गेला आणि ०.७ ला पूर्ण वेगावर पोचला. बाई स्टुलावर बसून चहा पीत होत्या, दोन्ही हात कपाला. कोणी बटण दाबलं नव्हतं. पाणी तळापासून उसळू लागलं, आणि आकडा थांबला, मग हळूहळू वर निघाला. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरांनी टाकून दिलेल्या पाण्यात कोट्यवधी जीव जेवत होते, त्यांचा दम लागलेला कळत होता, आणि मिनिटाभरात त्यांना हवा मिळत होती. आयुष्यभर आकडे लिहिले, श्वास घेणारा आकडा पहिल्यांदा पाहिला.

"यावेळी काही तरी लई पौष्टिक येते," बाई म्हणाल्या. "दुधातुपाचं असल्यावानी."

माझं पेन थांबलं. तीन महिन्यांपासून माझी बायको घरी पनीर करते. रोज चाळीस लिटर दूध. अकराला ती पनीरचं पाणी मोरीत ओतते.

घरी येऊन तिला सांगितलं, तर ती उसळली. "दुधाचं पाणी हाय ते! अख्ख्या गटारात तेवढंच पवित्र जाते. फिनाईल ओतणाऱ्याईले जाऊन विचारा आधी!"

माझीही तीच समजूत होती. गटारात पांढरं पाणी म्हणजे चांगलं पाणी. पण टाकीतल्या जिवांना रंग कळत नाही, जेवण कळतं. मंगळवारी ते पाणी ड्रममध्ये साठवलं. साडेअकराला आकडा २.०. बाराला २.०. बुधवारी मुद्दाम मोरीत सोडलं, तर ०.८. गुरुवारी पुन्हा ड्रममध्ये, पुन्हा दोन. तीन दिवसांचे आकडे तारखेसह लिहिले.

पुढच्या रविवारी तेच चौघे बसले. मी वही वाचून दाखवली आणि ते पाणी माझ्या घरचं आहे, असं सांगितलं. सचिव म्हणाले, "म्हणजे चोर खजिनदाराच्याच घरात!" मी हो म्हणालो. ठराव रद्द झाला.

बाई निघताना म्हणाल्या, "वहिनीले पनीर बंद करू नका म्हणा. पाणी म्हशीवाल्याले देजा. म्हैस बी खूश, टाकी बी."

चार हजार तीनशे ऐंशी मी माझ्या नावाने सोसायटीच्या खात्यात भरले. बाईंचा थांबवलेला पगार, अकरा हजार पाचशे, त्याच दिवशी त्यांच्या हातात दिला.