अर्ध्या दाढीत खुनी बदलला

भुजंगभाऊचा वस्तरा तातेरावकाकांच्या गळ्यावर होता, आणि नेमका तेव्हाच मी खुनी सांगून बसलो.

मुद्दाम नाही. बाकावर एक जपानी चित्रकथेचं पुस्तक पडलं होतं. ते मी आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं आणि म्हणालो, "भाऊ, पयल्याच पानावर डॉक्टरला बेड्या घालून नेऊन राह्यले की! मंग पुढं वाचायचं काय?"

जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. मी उघडलं ते शेवटचं पान होतं. काका हा खून महिनाभर, एका दाढीला एक प्रकरण असा ऐकत आले होते. ते ताडकन वळले. हनुवटीखाली लाल रेघ उमटली.

"कापलंस! आन् वरून गोष्टीची माती!" काका ओरडले. "भुजंग, महिना संपला की गाळा खाली कर."

गाळा काकांचाच. अकरा महिन्यांचा करार त्याच आठवड्यात संपत होता, आणि टेंभुर्णीत भर चौकातला दुसरा गाळा भाऊला कोण देणार? त्याचं घर त्या एका खुर्चीवर चालतं.

भुजंगभाऊ जालन्याच्या पुढं फारसा गेलेला नाही, पण जपानच्या रेल्वेगाड्या त्याला तोंडपाठ. दुकानाच्या टीव्हीवर ना सिनेमा, ना बातम्या. बर्फातून गाडी चाललेली असते आणि एक न बोलणारा प्रवासी डबा खात असतो. हे व्हिडिओ आणि जपानी पुस्तकं भाऊ गिऱ्हाईकांना वैद्यानं पुडी द्यावी तशी सुचवतो. पित्तवाल्याला बर्फाची गाडी, नव्या नवरदेवाला गरम पाण्याच्या कुंडांचं गाव, आणि ज्याची कोर्टात तारीख चालू आहे त्याला खुनाचं पुस्तक. पुस्तकं इंग्रजीत, म्हणून ती भाऊच वाचतो आणि दाढी करता करता मराठीत सांगतो. माझ्या मोबाईलवर त्याच्या इतक्या लिंका येतात की आईचे निरोप त्यांच्याखाली गाडले जातात.

भाऊनं जखमेवर तुरटी दाबली. काका तरातरा उठले, आरशात पाहिलं आणि परत बसले. एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर फेस. या रूपात चौकातून जाणं गाळामालकाला शोभलं नसतं. भाऊच्या हातात आता तेवढा एक गाल शिल्लक होता.

"मालक," तो हळूच म्हणाला, "बेड्या घातल्या म्हणून मानूस खुनी होतो का?"

"मंग पोलीस काय येडे हायेत?"

"बांधाच्या भांडणात तुम्हाला चौकीत बसवून ठेवल्तं. म्हणून तुम्ही गुन्हेगार का?"

वस्तरा थांबला. काका आरशातून भाऊकडं टक लावून बघत राहिले. मी दाराकडं पाहिलं. पळायची वाट मोकळी होती.

"बिलकुल न्हाई," काका शेवटी म्हणाले. "खोटं घातल्तं माझ्यावर."

"तसंच डॉक्टरवर घातलं. ह्या आद्याला काय कळतंय? खरा खुनी दुसऱ्या पुस्तकात हाय."

दुसरं पुस्तक नव्हतंच.

"कोण हाय मंग?"

भाऊनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे कोरे होते. तोंडाला आलं ते मी बोललो, "स्टेशनमास्तर."

"परत सांगितलंस! व्हय बाहेर, आद्या!" भाऊ असा खेकसला की काकांना रतीभरही शंका आली नाही.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. गोष्टीत आतापर्यंत नुसती झेंडी दाखवणाऱ्या स्टेशनमास्तरला त्यानं उरलेल्या गालभर खुनी केलं. बर्फातले ठसे, मेलेल्या लॉजमालकाशी जुनं वैर, अवेळी वाजलेली शिट्टी. गोष्ट अडली की वस्तराही अडायचा. कूलर समोर असून भाऊच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

काकांनी तोंड पुसलं. "मला वाटलंच होतं. तो मास्तर लईच वाकून नमस्कार करायचा." मग उठता उठता म्हणाले, "उद्या कागद घेऊन ये. राहा अजून अकरा महिने."

भाऊ खुर्ची झटकायला लागला. काका पायरीवर थबकले.

"पण भुजंग, मेलेल्याची छत्री गाडीत सापडली, असं तूच सांगितल्तं. मास्तर तर स्टेशन सोडून हललाच न्हाई. मंग छत्री गाडीत गेली कशी?"

"ते पुढच्या दाढीला, मालक."

करार झाला. त्यानंतर काकांच्या कितीतरी दाढ्या झाल्या. दर वेळी भाऊ "ही समुद्राकाठची गाडी बघाच" म्हणत वेळ मारून नेतो. मास्तर तू आणलास, तर छत्रीचा जबाबही तूच द्यायचा, असं त्यानं मला बजावलंय.

मी सध्या केस वाढवतोय.